जास्त पगाराची ऑफर आलीय, कोअर सोडू का? मेकॅनिकलवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी प्लास्टिक मोल्डचं, म्हणजे प्लास्टिकचे पार्ट ज्या साच्यातून निघतात त्याचं डिझाइन करते, पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात. ज्युनिअर मुलंमुली, कॉलेजच्या ओळखीतले, कधीकधी त्यांचे आईवडीलसुद्धा फिरून फिरून हेच विचारतात की कोअरमध्ये, म्हणजे शिकलो त्या मेकॅनिकलच्याच कामात, दोन-तीन वर्षं झालीत आणि आता दुप्पट पगाराची ऑफर आलीय, बहुतेक आयटीची, तर काय करायचं. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवतेय. पगाराचे आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुमच्या लेटरवरचे आकडे टाकून गणित परत करा.

ताई, सहा लाखांवरून थेट बारा लाख देतायत. यात विचार करण्यासारखं काय आहे?

आहे ना, आणि पहिला विचार पैशाचाच आहे, कारण सहाचे बारा होतात ते कागदावर, बँकेत तसे येत नाहीत. बारा लाख सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, म्हटलं की डोक्यात लगेच महिन्याला एक लाख येतात. आता समजा बेसिक निम्मं, म्हणजे महिना ५०,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी वर्षाला ७२,०००, तो सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे जवळपास २९,०००. व्हेरिएबल १० टक्के म्हणजे १,२०,०००, जो मिळेल तेव्हा मिळेल. मेडिक्लेमचा हप्ता पण त्यातच दाखवतात, धरा १५,०००. हे सगळं बाजूला काढलं की महिन्याचा ग्रॉस ८०,००० च्या आसपास राहतो, त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात ७४,०००. इन्कम टॅक्स मात्र यात लागत नाही, नव्या रिजीममध्ये २०२५-२६ पासून पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स शून्य आहे.

आता तुझे सहा लाख घे. व्हेरिएबल नसेल तर त्यातले साडेबेचाळीस हजार हातात येतायत. म्हणजे फरक साडेएकतीस हजारांचा. प्लांटची बस फुकट आहे, कँटीनमध्ये नाममात्र पैशात जेवण होतं, नवीन ठिकाणी हे दोन्ही खर्च तुझे, आणि मोशीत राहून रोज हिंजवडीच्या आयटी पार्कला जाणं-येणं करणं जमत नाही हे महिन्याभरात कळतं, मग तिकडे रूम बघायची, तिथलं भाडं वेगळं. मी धरते की पंचवीस हजार खरे वाढले. पंचवीस हजार काही थोडे नाहीत, वर्षाला तीन लाख होतात. पण तुला निर्णय पंचवीस हजारांसाठी घ्यायचाय, सहा लाखांसाठी नाही. पुढचं सगळं या आकड्यावरून ठरव.

म्हणजे पैशाकडे बघूच नये असं तुमचं म्हणणं आहे का?

अजिबात नाही. घरी कर्ज आहे, वडिलांचं काम सुटलंय, बहिणीची फी भरायचीय, एज्युकेशन लोनचा हप्ता पगाराचा तिसरा हिस्सा खातोय, अशी परिस्थिती असेल तर ऑफर घे आणि मनात काही ठेवू नकोस. करिअरचा विचार करायला आधी डोकं शांत लागतं आणि दर महिन्याच्या वीस तारखेला खातं रिकामं होत असेल तर ते शांत राहत नाही. घरच्यांसाठी कामाची आवड बाजूला ठेवणाऱ्या मुलांना कोणी "पैशामागे गेला" म्हटलं की मला फार राग येतो. फक्त एक कर, किती पैसे लागणारेत आणि कधीपर्यंत, हे आकड्यात लिहून ठेव. लोन चार लाखांचं आहे, ते दीड वर्षात फिटेल, असं. नाहीतर लोन फिटतं तोवर गाडीचा हप्ता चालू झालेला असतो, मग फ्लॅटचा, आणि मग पगार कमी करून कुठेही जाता येत नाही.

लाँग टर्म गोल म्हणजे नक्की काय? मला तर पाच वर्षांनंतरचं काहीच दिसत नाही.

बहुतेकांना दिसत नाही. इंटरव्ह्यूला द्यायचं "मॅनेजर व्हायचंय" छाप उत्तर इथे उपयोगाचं नाही. स्वतःला असं विचार की अजून पाच वर्षांनी कोणतं काम तू कोणाला न विचारता एकट्याने करू शकायला हवास.

माझ्या लाइनचं सांगते, कारण तेच मला खात्रीने माहितीय. मोल्ड डिझाइनमध्ये पहिली दोन-तीन वर्षं कंटाळवाणी असतात. सिनिअरने कन्सेप्ट करून दिलेला असतो, तू डिटेलिंग करतोस, टूडी ड्रॉइंग काढतोस, बिल ऑफ मटेरियल, म्हणजे लागणाऱ्या सामानाची यादी, भरतोस, टॉलरन्स चुकला म्हणून ऐकून घेतोस. पगार कमी आणि काम कारकुनासारखं, म्हणून याच टप्प्यावर सगळ्यात जास्त मुलं सोडतात. खरं शिक्षण सुरू होतं ते तुझा स्वतःचा टूल, म्हणजे मोल्ड, पहिल्या ट्रायलला लागतो तेव्हा. टी-झिरोला, म्हणजे त्या पहिल्या ट्रायलला, पार्ट शॉर्ट, म्हणजे अर्धवट भरलेला येतो, नाहीतर रिबच्या (आधाराच्या पट्टीच्या) मागे सिंक मार्क, म्हणजे खळगा दिसतो, आणि मग तुला कळतं की रिबची जाडी भिंतीच्या ५०-६० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नको असं सिनिअर का ओरडत होता. पीपी प्लास्टिकचं श्रिंकेज, म्हणजे थंड होताना आकसणं, एक ते अडीच टक्के आणि एबीएसचं साधारण ०.४ ते ०.७ हे पुस्तकात असतंच, पण पीपीच्या एका लांब पार्टला किती धरायचं हे पाच-सहा टूल करेक्शनला परत गेल्यावरच हाताला कळतं. चौथ्या-पाचव्या वर्षी तू कस्टमरसमोर बसून सांगू शकतोस की हा पार्ट असा मोल्डच होणार नाही, इथे ड्राफ्ट (पार्ट सुटायला उतार) द्या, पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन भाग जुळतात ती रेघ) इकडे घ्या. आठव्या वर्षी नुसता पार्ट बघून टूलची किंमत आणि वेळ सांगता येते. त्या माणसाला बाजारात काम शोधावं लागत नाही, त्यालाच फोन येतात.

तुझी लाइन वेगळी असेल, सीएई (कॉम्प्युटरवर डिझाइनची चाचणी) असेल, एनव्हीएच (गाडीचा आवाज आणि कंपनं) असेल, सप्लायर क्वालिटी असेल, प्रॉडक्शन असेल. तुझ्याच डिपार्टमेंटमधल्या तुझ्यापेक्षा आठ-दहा वर्षं मोठ्या माणसाकडे बघ. त्याचं रोजचं काम तुला करावंसं वाटतं का? त्याचा पगार, त्याची गाडी हे सोड, मी कामाबद्दल विचारतेय. उत्तर हो असेल तर तुझा गोल तिथेच आहे. नाही असेल तर मग ही ऑफर नसती आली तरी तुला बाहेर पडायलाच हवं होतं, आणि ते समजलं हेही चांगलंच.

दोन वर्षं आयटीत पैसे कमावतो, मग परत कोअरला येतो. चालेल ना?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. कोअरमधून आयटीत जायची वाट बरीच वर्षं उघडी असते, आज नाही गेलास तर वर्षाने जाता येतं, तीन वर्षांनी पण जाता येतं, वर मॅन्युफॅक्चरिंगचा अनुभव आहे म्हणून काही ठिकाणी जास्त किंमत मिळते. उलटी वाट तशी नाही. आयटीतून कोअरला परत येणाऱ्याला इंटरव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न असतो की शेवटचा टूल कधी ट्रायलला घेतलास, आणि दोन वर्षांपूर्वी हे उत्तर आलं की समोरचा माणूस पगाराचा विचार तुझ्या जुन्या अनुभवावर करायला लागतो. तुझा आयटीतला पगार त्याच्या लेखी मोजलाच जात नाही. म्हणजे ७४ हजारांवरून परत पन्नासवर यायची तयारी हवी, तेही २७-२८ व्या वर्षी, जेव्हा घरचे लग्नाचं बघत असतात. अशक्य नाही, आलेली मुलं आहेत, पण सहा महिन्यांत आली ती सहज आली, दोन वर्षांनंतर फार थोडी आली, आणि तीही अशी की ज्यांनी मध्ये हात चालू ठेवला होता.

म्हणून मी ऑफर मोजते ती अशी. ज्या निर्णयातून परत फिरता येतं त्यासाठी रात्र रात्र जागू नकोस, करून बघ. ज्यातून फिरता येत नाही त्याची किंमत जास्त लाव. कोअर कायमचं सुटणार असेल तर महिना दहा हजार वाढवून सोडणं म्हणजे फार स्वस्तात देणं झालं. पंचवीस हजारांत सोडायचं की नाही हे तुझ्या घरच्या गणितावर आहे, पण दहात मी कोणालाच हो म्हटलेलं नाही.

सगळं आयटी सारखंच असतं का?

नाही, आणि ऑफर लेटरवर हे कळतच नाही कारण तिथे नुसतं "असोसिएट" नाहीतर "कन्सल्टंट" लिहिलेलं असतं. हिंजवडीत टाटा टेक्नॉलॉजीज, केपीआयटी अशा इंजिनिअरिंगच्या कंपन्या आहेत, तिथे कॅड, सीएई, गाडीचं सॉफ्टवेअर असली कामं चालतात, तुझं डोमेन पूर्ण सुटत नाही. टीमसेंटर किंवा विंडचिलसारख्या पीएलएमवर, म्हणजे प्रॉडक्टची ड्रॉइंग आणि त्यातले बदल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम असेल तर ज्याला बीओएम (बिल ऑफ मटेरियल) आणि चेंज नोट म्हणजे काय हे प्लांटमध्ये बसून कळलंय त्याला तिथे किंमत आहे. एसएपी सॉफ्टवेअरचं पीपी (प्रॉडक्शन प्लॅनिंग) नाहीतर एमएम (मटेरियल मॅनेजमेंट) मॉड्यूल, तेही तसंच, स्टोअर आणि प्लॅनिंग जवळून पाहिलेला माणूस तिथे पटकन उभा राहतो. पण कुठल्यातरी बँकेच्या ॲप्लिकेशनचा सपोर्ट, मॅन्युअल टेस्टिंग, रात्री तिकिटं बंद करायची, अशा कामाला तुझी आधीची तीन वर्षं शून्य धरली जातात आणि तू फ्रेशरच्या रांगेत उभा राहतोस, फक्त वयाने तीन वर्षं मोठा.

म्हणून एचआरला सरळ विचार, प्रोजेक्ट कोणता, क्लायंट कोणत्या इंडस्ट्रीतला, टेक्नॉलॉजी कोणती, आणि प्रोजेक्ट आधीच ठरलाय की आधी बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसवणार. हायरिंग मॅनेजरशी पंधरा मिनिटं बोलायला मिळेल का हेही विचार. यातलं काहीच सांगत नसतील तर जॉइन झाल्यावर हातात काय पडेल हे कोणालाच माहिती नाही असं धर.

पण आयटी सेफ तरी आहे ना? प्लांट कधीही बंद पडतात.

सेफ कुठेच नाही. जनरल मोटर्सने तळेगावच्या प्लांटमधलं प्रॉडक्शन डिसेंबर २०२० मध्ये थांबवलं, ते अख्ख्या पट्ट्याने पाहिलंय, नंतर तो प्लांट ह्युंदाईने घेतला. आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने साधारण २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असं जाहीर केलं. कंपनी बंद पडली तर दुसऱ्या दरवाजावर तुझी विद्या चालेल का, एवढंच बघ.

मला पुढे स्वतःचा टूलरूम, म्हणजे मोल्ड बनवायचं वर्कशॉप, टाकायचाय. मग आधी पैसा जमवू की अनुभव?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण इथे जास्त पगार आणि मोठा गोल एकमेकांच्या आड येतात असं नाही, ते एकमेकांना लागतात. व्हीएमसी, ईडीएम, वायरकट, ग्राइंडर ही मशीनं म्हटली की भांडवल मोठंच. सरकारी योजना आहेत, पीएमईजीपीत मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो आणि कुठल्या गटात आणि कुठल्या भागात आहात त्याप्रमाणे १५ ते ३५ टक्के सबसिडी मिळते, सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टच्या गॅरंटीवर बिनतारण कर्ज मिळतं. पण बँक तुझं मार्जिन, म्हणजे तुझा स्वतःचा वाटा, मागतेच, आणि कस्टमरचे पैसे यायला वेळ लागतो तोवर स्टीलवाल्याला आणि कामगारांना रोख द्यावंच लागतं. वर्षाला तीन लाख जास्त मिळाले तर तीन वर्षांत नऊ लाख उभे राहतात, हे खरंय.

तरीही मी आधी अनुभव म्हणते. भोसरीत बऱ्याच जणांनी सुरुवात मशीन न घेता केलीय, डिझाइन आपलं आणि मशिनिंग जॉबवर बाहेरून, कारण गल्लोगल्ली मशीनवाले आहेत. अशा वेळी तुझं भांडवल म्हणजे तुझ्यावर विश्वास ठेवणारे चार कस्टमर, कोणता वायरकटवाला वेळेत देतो याची माहिती, आणि टूल फसला तर तो रात्रीत दुरुस्त करायची अक्कल. यातलं काहीही पगारातून विकत घेता येत नाही. उलट नऊ लाख हाताशी आहेत पण तीन वर्षं टूलला हात लावलेला नाही, अशा माणसाने टूलरूम टाकला तर पहिल्याच फसलेल्या टूलमध्ये त्यातले बरेच जातात. कोअरमध्येच राहून मोठ्या टूलरूममध्ये जा, पगार तिथेही वाढतो, कमी वाढतो पण वाढतो. पाया कच्चा असेल तर छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूलरूम आणि सिपेट या दोन्ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहेत, तिथले कोर्स बघ.

सध्याच्या कंपनीने थांब म्हटलंय, पगार वाढवून देतायत. थांबू का?

आधी हे बघ की तू का निघाला होतास. पगारामुळेच निघाला असशील आणि आता तो मिळतोय, वाढ लेखी मिळतेय, तर थांबायला हरकत नाही, काउंटर ऑफर घेतली की माणूस संशयित होतो वगैरे जे सांगतात ते प्रत्येक ठिकाणी खरं नसतं. पण निघायचं कारण काम असेल, म्हणजे तीन वर्षं नुसतं डिटेलिंगच देतायत आणि ट्रायलला पाठवत नाहीत, तर पैशासोबत काम पण माग. अमुक महिन्यापासून एक पूर्ण टूल माझ्याकडे, असं सांगून माग. यावर हो आलं तर ती वाढ त्या बारा लाखांपेक्षा मोठी आहे असं मी मनापासून मानते.

जॉइनिंग बोनस दीड लाख देतायत, तो धरायचा ना?

पगारात धरू नकोस. तो एकदाच मिळतो, पगारासारखाच करपात्र असतो, आणि बऱ्याच लेटरमध्ये लिहिलेलं असतं की बारा किंवा अठरा महिन्यांच्या आत सोडलं तर पूर्ण परत करायचा. सहा महिन्यांत परत आलेली मुलं सहज आली असं वर म्हटलं ना, त्या परतीच्या वाटेवर हा बोनस आडवा बसतो. मिळाला तर मुदत संपेपर्यंत एफडीत ठेव, खर्च करू नको.

बॉन्ड सही केलाय, तीन महिन्यांची नोटीस आहे. काय होऊ शकतं?

ट्रेनी म्हणून घेताना अनेक कंपन्या बॉन्ड घेतात. पूर्वी सगळे सांगायचे की बॉन्ड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सोड. तसं समजू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षं नोकरीची अट आणि आधी सोडलं तर दोन लाख भरायची अट योग्य धरली. ती सरकारी बँक होती, प्रत्येक खाजगी बॉन्डला तसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण निकाल आहे. नोकरी सोडल्यानंतर "दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही" असं जे लिहिलेलं असतं ते मात्र वेगळं, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे अशी अट सहसा टिकत नाही. पण जुन्या कंपनीची ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घेऊन जाणं हा साफ वेगळा विषय आहे, ते करायचंच नाही.

नोटीसचं म्हणशील तर नवीन कंपनी बायआउट, म्हणजे न भरलेल्या नोटीसचे पैसे, देणार का, ते लेखी घे. आणि नवीन ऑफर मेलवर पक्की आल्याशिवाय राजीनाम्याचे पेपर टाकू नकोस, एचआर फोनवर कितीही गोड बोलू दे.

पीएफ काढून घेऊ का? आणि ग्रॅच्युइटी?

पीएफ काढू नको, ट्रान्सफर कर. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, ट्रान्सफर केला तर आधीची सर्व्हिस धरली जाते. ग्रॅच्युइटीला नेहमीच्या नोकरीत पाच वर्षं लागतात. हिशोब सोपा आहे, शेवटचं बेसिक भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं, म्हणजे २५ हजार बेसिकवर पाच वर्षांचे साधारण ७२ हजार. साडेचार वर्षं झाली असतील तर जॉइनिंग पुढे ढकलता येतं का बघ, दोन वर्षंच झाली असतील तर यासाठी थांबू नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात फिक्स्ड टर्मवर असलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर असशील तर हे नक्की विचार.

मॅडम, मी मुलाचा वडील बोलतोय. स्थळं येतात ती आधी पॅकेज विचारतात. मुलगा म्हणतो प्लांटच सोडणार नाही. त्याला समजवाल का?

काका, तुमची काळजी खरी आहे आणि स्थळं पॅकेज विचारतात हेही खरं आहे, मी नाकारत नाही. पण मी त्याला समजावणार नाही, त्याच्याशी तुम्ही एकदा वेगळं बोलून बघा. पगार किती हे न विचारता त्याला विचारा की आज काय काम केलंस, आणि तो सांगताना त्याचा चेहरा बघा. ज्याला कामाबद्दल दहा मिनिटं सांगावंसं वाटतं त्या मुलाचा पगार उशिरा का होईना वाढतो. आणि त्याला विषय टाळायचा असेल, नुसता नवीन काही करायची भीती म्हणून तो प्लांट धरून बसला असेल, तर तेही तुम्हाला माझ्याआधी कळेल. तसं असलं तर ऑफर घ्यायला जरूर सांगा. घरखर्चाला त्याच्याकडून किती लागतात हेही त्याला मोकळेपणाने सांगा, मुलं घरी विचारत नाहीत आणि मनातल्या मनात वाटेल तो आकडा धरून बसतात.

ताई, घरचे म्हणतात शॉपफ्लोअर मुलींसाठी नाही, आयटीच बरं. तुम्ही कसं केलंत?

सुरुवातीला ट्रायलला मी एकटीच मुलगी असायचे, आता तसं राहिलेलं नाही, चाकणमध्ये लाइनवर, क्वालिटीत, डिझाइनला मुली आहेत. अडचणी नाहीत असं मी सांगणार नाही. जॉइन होण्याआधी प्लांट बघायला माग, आणि तीन गोष्टी स्वतः बघ, लेडीज टॉयलेट शॉपफ्लोअरपासून किती लांब आहे, रात्री उशीर झाला तर घरपोच गाडी आहे का, आणि तक्रार समिती नुसती बोर्डावर आहे की तिच्यातल्या बाई कोण हे कामावरच्या मुलींना माहितीय. नव्या संहितेत बाईची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तरच नाइट शिफ्ट देता येते, म्हणजे नाही म्हणायचा हक्क तुझा आहे.

पण हे मनापासून सांगते, कोअर सोडायचं असेल तर ते काम आवडलं नाही म्हणून सोड, कोणी मुलींसाठी नाही म्हटलं म्हणून सोडू नकोस. बाळंतपणाचा ब्रेक येतोच, तेव्हा हातात पक्की विद्या असेल तर घरून डिझाइनची कामं घेऊन परत उभं राहता येतं. कॅड घरी चालतं, असं करणाऱ्या बायका मी जवळून पाहिल्यात.

सौदीची ऑफर आहे, टॅक्स नाही, राहणं-खाणं कंपनीचं.

तिथे पगारावर इन्कम टॅक्स नाही हे बरोबर. काम मेन्टेनन्सचं आहे की प्रोजेक्टचं ते बघ, मोठ्या प्रोजेक्टचा अनुभव इथे परत आल्यावर चालतो. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेटच्या साइटवर तपास, त्याला ३० हजार अधिक जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. लाखात मागत असेल तर तिथूनच परत फिर.

गेट देऊन एमटेक करू का त्यापेक्षा?

रिसर्चची किंवा सीएईसारख्या विषयाची खरी ओढ असेल तर कर, गेटमधून गेलास तर स्टायपेंड महिना १२,४०० आहे आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे परीक्षा आत्ता देऊन निर्णय नंतर घेता येतो. ऑफर टाळायला म्हणून करू नको.

उत्तर द्यायला दोनच दिवस दिलेत. आता काय करू?

आधी आणखी पाच दिवस माग. मेल लिही की ऑफरबद्दल आभार, सॅलरी ब्रेकअप आणि प्रोजेक्टबद्दल माहिती मिळाली की अमुक तारखेपर्यंत नक्की कळवतो. तारीख टाकायचीच. बहुतेक ठिकाणी देतात, आणि माहिती मागितली म्हणून ऑफर काढून घेणारी कंपनी असेल तर तेही आधीच कळलेलं बरं.

पहिल्या दिवशी वरचं हातात येणाऱ्या पैशांचं गणित कर आणि घरी बसून खर्चाचा आकडा काढ. दुसऱ्या दिवशी दोन माणसांशी बोल, एक तुझ्याच लाइनमधला आठ-दहा वर्षं पुढचा, आणि एक असा जो कोअर सोडून त्या कंपनीत किंवा तशा कामावर गेलाय आणि दीड-दोन वर्षं झालीत. नुकत्याच गेलेल्याला विचारू नको, त्याला अजून नवीन पगाराचा आनंद आहे. त्याला विचार की आज परत यायचं म्हटलं तर किती पगारावर यावं लागेल. तो जो आकडा सांगेल तो तुझ्या ऑफरच्या आकड्याशेजारी लिही, आणि मग सांग मला काय ठरवलंस ते. नाही म्हणायचं ठरलं तर त्याच दिवशी एचआरला फोन करून सांग आणि मागून मेल टाक, जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसू नको, कारण चार वर्षांनी त्याच कंपनीत पीएलएमच्या जागेसाठी तुझा सीव्ही जाऊ शकतो.